ॲल्युमिनियमसाठी टूल कुठलं घ्यायचं आणि स्पीड-फीड किती ठेवायचा: व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मिलिंग मशीनवर) नव्याने उभं राहणाऱ्यांसाठी

आयटीआय किंवा डिप्लोमा करून शॉपवर आलेल्या मुलांचा हात पहिल्यांदा एमएस (माइल्ड स्टील) आणि ईएन ८ (मध्यम कार्बनचं स्टील) वर बसतो, मग एक दिवस ॲल्युमिनियमचा जॉब येतो आणि आजूबाजूचे सगळे सांगतात की मऊ आहे, लोण्यासारखं कापतं, आहे तेच टूल लाव आणि चालव. मीही तसंच केलं होतं. भोसरीतल्या एका छोट्या जॉब शॉपमध्ये एचई ३० च्या प्लेटवर ६ मिमीचा स्लॉट मारायचा होता, स्टीलसाठी असलेलं चार फ्लूटचं (फ्लूट म्हणजे कापलेला माल, म्हणजे चिप, बाहेर जायची खाच, प्रत्येक खाचेला एक पातं) काळं कोटिंगवालं एंडमिल मशीनमध्ये होतंच, तेच वापरलं, आणि भीती वाटली म्हणून फीडचा (टूल मालात पुढे सरकण्याच्या वेगाचा) नॉब, म्हणजे फीड ओव्हरराइड, ३० टक्क्यांवर ठेवला. पंधरा-वीस सेकंदात आवाज जड झाला, फ्लूट ॲल्युमिनियमने पूर्ण बुजले आणि टूल मोडलं. दुसरं लावलं, फीड अजून कमी केला, तेही मोडलं. मग शेजारच्या मशीनवरचे काका आले, म्हणाले, "अरे, टूल कापत नाहीये, घासतंय, फीड वाढव." त्यांनी त्यांच्या ड्रॉवरमधलं दोन फ्लूटचं चकचकीत एंडमिल दिलं, कूलंटचा पाइप हाताने वळवून बरोबर टूलच्या तोंडाशी आणला, आणि फीड मी ठेवला होता त्याच्या तिप्पट केला. स्लॉट एकदम स्वच्छ निघाला.

त्या दिवशी जे कळलं ते हे की ॲल्युमिनियमची अडचण कडकपणाची नाही, चिकटण्याची आहे. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० डिग्रीला वितळतं, स्टीलच्या निम्म्याहूनही कमी तापमानाला, आणि वितळायच्या बरंच आधीच ते मऊ होऊन टूलच्या धारेवर दाबाने चिकटायला लागतं. धारेवर त्याचा थर बसतो, मग टूलची खरी धार कापतच नाही, तो थरच कापतो, म्हणजे बोथट वस्तूने कापल्यासारखं होतं, गरमी अजून वाढते, अजून चिकटतं, आणि शेवटी फ्लूट बंद. टूल, कोटिंग, फ्लूट, फीड, कूलंट, खाली जे जे लिहिलंय त्या सगळ्यामागे एकच हिशोब आहे: चिप चिकटायच्या आत तिथून बाहेर गेली पाहिजे.

आधी मटेरियल विचारा

ड्रॉइंगवर नुसतं "ॲल्युमिनियम" लिहिलेलं असतं आणि ते पुरत नाही. आपल्याकडे दुकानदार आणि जुने लोक एचई ३० म्हणतात ते म्हणजे ६०८२, एचई २० म्हणजे ६०६१, एचई ९ म्हणजे ६०६३, एचई १५ म्हणजे २०१४. भारतीय नंबरात तेच अनुक्रमे ६४४३०, ६५०३२, ६३४०० आणि २४३४५. एकाच मालाची तीन-तीन नावं असल्यामुळे नवीन माणूस गोंधळतो, तर हे चार जोड डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

कापायला कसं आहे ते सांगतो. ६०८२ आणि ६०६१, टी६ कंडिशनमध्ये (हीट ट्रीटमेंटने कडक केलेले), बऱ्यापैकी स्वच्छ कापतात, शिकायला हेच बरं. ७०७५ कडक असतं म्हणून लोक घाबरतात पण कापायला ते सगळ्यात छान, चिप तुटून निघते आणि फिनिश आपोआप येतो. २०१४ पण चांगलं. याउलट एचई ९ चे एक्स्ट्रूजन सेक्शन, आणि टेम्पर न केलेला मऊ माल, हा गोंदासारखा वागतो, बर (कडेला राहणारी धारदार कोर) पण मोठी येते, तिथे टूलची धार एकदम तीक्ष्ण हवी. मऊ म्हणजे सोपं हे डोक्यातून काढून टाका.

कास्टिंगचं वेगळंच. एलएम २५ मध्ये सिलिकॉन साधारण ७ टक्के, एलएम ६ मध्ये १० ते १३, आणि प्रेशर डायकास्टिंगच्या एडीसी १२ मध्ये साधारण ९.६ ते १२ टक्के. हे सिलिकॉनचे कण कडक असतात आणि टूलला सँडपेपरसारखे घासतात. म्हणजे इथे चिकटण्यापेक्षा धार झिजण्याची काळजी जास्त, स्पीड थोडा खाली आणायचा, आणि बॅच हजारांमध्ये असेल तर पीसीडी (कृत्रिम हिऱ्याच्या धारेच्या) टूलचा विचार करायचा. पीसीडी महाग असतं पण अशा कास्टिंगवर ते कार्बाइडच्या कितीतरी पट चालतं, आणि जिथे रोज तोच पार्ट निघतो तिथे इन्सर्ट (कटरवर बसवायचं, बदलता येणारं पातं) बदलायला मशीन थांबत नाही हाच खरा फायदा.

अजून एक गोष्ट, टी६ आणि टी६५१ यातला फरक. टी६५१ म्हणजे प्लेट हीट ट्रीटमेंटनंतर थोडी ताणून आतला स्ट्रेस काढलेली असते. एका बाजूने खोल पॉकेट असलेला जॉब साध्या टी६ बारमधून काढला तर व्हाइसमधून सोडल्यावर तो केळ्यासारखा वाकलेला मिळू शकतो, आणि मग दिवसभर सेटिंग चुकलं का टूल चुकलं असं शोधत बसाल आणि चूक मालात असेल. पातळ जॉबला टी६५१ मिळते का ते खरेदीवाल्यांना आधीच विचारा.

टूल निवडताना काय बघायचं

सॉलिड कार्बाइड एंडमिल धरून चालू. फ्लूट दोन किंवा तीन, चार नको. स्टीलला चार फ्लूट चालतात कारण तिथे चिप लहान निघते, ॲल्युमिनियममध्ये आपण खूप माल भराभर काढतो आणि चिपला बसायला जागा लागते, चार फ्लूटमध्ये ती जागाच नसते. पूर्ण रुंदीचा स्लॉट असेल तर दोन फ्लूट सुरक्षित, साइड कटिंग आणि पॉकेटला तीन फ्लूट जास्त बरा, कारण त्याच आरपीएमवर फीड दीडपट मिळतो. मला एकच टूल विकत घ्यायला सांगितलं तर मी १० मिमी, तीन फ्लूट घेईन.

हेलिक्स अँगल, म्हणजे फ्लूटचा पीळ, स्टीलच्या साध्या टूलला ३० च्या आसपास असतो, ॲल्युमिनियमला ४५ डिग्रीच्या आसपासचा मागा, तो चिप वर उचलून फेकतो आणि फिनिशही चांगला देतो. मात्र तो जॉबलाही वर ओढतो, त्यामुळे पातळ प्लेट नीट पकडलेली नसेल तर उचलून येईल, आणि कोलेट (होल्डरमध्ये टूल पकडणारी बाही) ढिला असेल तर टूल हळूहळू खाली सरकून पॉकेट खोल होत जाईल.

फ्लूट पॉलिश केलेले हवेत. टूल उजेडात धरून बघा, आतला भाग आरशासारखा दिसला पाहिजे. खडबडीत ग्राइंडिंगच्या रेषा दिसल्या तर तिथेच चिप अडकणार.

कोटिंगमध्ये सगळ्यात जास्त चूक होते. टायटॅनियम ॲल्युमिनियम नायट्राइड, म्हणजे टीआयएएलएन किंवा एएलटीआयएन, हे स्टीलसाठी भारी कोटिंग आहे पण त्यात ॲल्युमिनियम स्वतःच असतं आणि ते जॉबच्या ॲल्युमिनियमला धरून ठेवतं, शिवाय कोटिंगच्या जाडीने धार थोडी गोल होते. ॲल्युमिनियमला एकतर कोटिंगच नको, साधं पॉलिश कार्बाइड, किंवा मग डीएलसी (हिऱ्यासारखा कडक कार्बनचा थर), टायटॅनियम डायबोराइड, झिर्कोनियम नायट्राइड यातलं काहीतरी. रंगावरून ठरवू नका, डीएलसी पण काळपट किंवा इंद्रधनुषी दिसतं, डबीवरचं नाव वाचा. इन्सर्टच्या डबीवर अजून सोपी खूण असते: पी निळा, एम पिवळा, के लाल, एन हिरवा. एन म्हणजे नॉन-फेरस. हिरवा दिसला तर आपलं काम. सुरुवातीच्या ऑर्डरसाठी साधं बिनकोटिंगचं टूल पुरतं, डीएलसीचे पैसे तेव्हा घाला जेव्हा बॅच मोठी असेल किंवा कूलंट नीट पोचत नसेल.

इन्सर्टचे कटर वापरणार असाल तर कोडमधलं तिसरं अक्षर बघा. सीसीएमटी, एपीकेटी हे नेहमीचे, सीसीजीटी, डीसीजीटी, एपीजीटी यातला जी म्हणजे ग्राइंड केलेला नेमका इन्सर्ट. ॲल्युमिनियमच्या इन्सर्टची धार बोटाला लागेल इतकी तीक्ष्ण असते आणि वरचा भाग चकाकतो. दुकानात "ॲल्युमिनियम ग्रेड, पॉलिश" असं सांगितलं की कळतं.

एचएसएसला (हाय स्पीड स्टीलला) पण नावं ठेवू नका. जुन्या मशीनवर जिथे आरपीएम दोन-अडीच हजाराच्या वर जात नाही तिथे एचएसएसचं तीक्ष्ण दोन फ्लूटचं एंडमिल ॲल्युमिनियमवर छान काम करतं, आणि ते तितक्या पटकन तुटत नाही.

होल्डर आणि कोलेट

इथे लोक घाई करतात. टूल फक्त लागेल तेवढंच बाहेर काढा. टूल वाकण्याचं प्रमाण लांबीच्या घनाने वाढतं, म्हणजे २५ मिमी बाहेर असलेलं टूल ५० मिमी बाहेर काढलं तर ते तेवढ्याच जोराला आठपट वाकतं. खोल पॉकेटसाठी लांब टूल लागत असेल तर रफिंग छोट्या टूलने जेवढं जमेल तेवढं करून घ्या आणि उरलेल्या खोलीसाठीच लांब टूल लावा.

कोलेट आणि नट पुसून बसवा, आणि डायल लावून शँकवर रनआउट (टूल फिरताना मध्यापासून किती हलतं ते) बघा. ०.०१ मिमीच्या आत असेल तर उत्तम. ६ मिमीच्या टूलला प्रत्येक पात्याचा फीड ०.०३ असतो, आणि रनआउट पण ०.०३ असेल तर एकच पातं सगळं काम करतंय आणि बाकीची नुसती फिरतायत, मग तुम्ही तीन फ्लूटचे पैसे देऊन एका फ्लूटचं टूल चालवताय.

आरपीएम आणि फीड काढायचा हिशोब

कटिंग स्पीड म्हणजे टूलची धार मिनिटाला किती मीटर पळते ते. आरपीएम काढायला कटिंग स्पीड गुणिले १०००, भागिले ३.१४ गुणिले डाया. शॉपवर सगळे सोपं करून ३१८ गुणिले स्पीड भागिले डाया असं काढतात, तेच आहे.

सुरुवातीला हे आकडे धरा. रॉट माल (ओतलेला नाही, लाटून किंवा दाबून बनवलेला), म्हणजे ६०८२, ६०६१, ७०७५ वगैरे, कार्बाइड टूलला २५० ते ५०० मीटर. एलएम २५ ला २०० ते ३००. एडीसी १२ ला १५० ते २५०. एचएसएस टूल असेल तर ६० ते ९०. पीसीडीला ५०० च्या वर कितीही जा, मशीन आणि बॅलन्स जेवढं देईल तेवढं.

आता १० मिमीचं एंडमिल, ३०० मीटर. ३१८ गुणिले ३०० भागिले १०, म्हणजे ९५४० आरपीएम. पण आपल्याकडच्या बऱ्याच व्हीएमसीचा स्पिंडल ८००० ला थांबतो. मग ८००० च ठेवा, स्पीड २५१ मीटर होतो आणि तो अगदी ठीक आहे. ६ मिमीच्या टूलला तोच ३०० मीटर हवा असेल तर जवळपास १५,९०० आरपीएम लागतील, ते आपल्या मशीनवर नाहीत, तर तिथेही ८००० लावा, १५० मीटर मिळेल आणि काम होईल. ॲल्युमिनियममध्ये स्पीड कमी पडला म्हणून फारसं बिघडत नाही, फीड कमी पडला की मात्र बिघडतं.

फीड म्हणजे आरपीएम गुणिले पात्यांची संख्या गुणिले एका पात्याचा फीड. एका पात्याचा फीड ३ मिमीच्या टूलला ०.०१५ ते ०.०२, ६ मिमीला ०.०३ ते ०.०४, १० मिमीला ०.०५ ते ०.०८, १६ मिमीला ०.१ च्या आसपास. तर आपलं १० मिमी तीन फ्लूट: ८००० गुणिले ३ गुणिले ०.०६, म्हणजे १४४० मिमी प्रति मिनिट. स्टीलवरून आलेल्या माणसाला हा आकडा बघून धडकी भरते. पण याच ठिकाणी ओव्हरराइड २० टक्क्यांवर आणला तर पात्याचा फीड ०.०१२ होतो, धारेची जी बारीक गोलाई असते तिच्या जवळ जातो, आणि पातं मालात घुसायच्या ऐवजी वरून सरकतं. घासलं की गरम, गरम झालं की चिकटलं. जाड चिप स्वतःबरोबर गरमी घेऊन बाहेर जाते, पातळ चिप ती टूलमध्ये आणि जॉबमध्ये सोडून जाते.

म्हणून भीती वाटत असेल तर फीड कमी करू नका, डेप्थ कमी करा. ५ मिमीच्या जागी १ मिमी घ्या, पण फीड पूर्ण ठेवा. माझ्या मते नव्या माणसाने ॲल्युमिनियमबद्दल सगळ्यात आधी हीच सवय लावून घ्यावी.

फेस मिलसाठी ५० मिमीचा चार इन्सर्टचा कटर, ५०० मीटर स्पीड, म्हणजे ३१८० आरपीएम, इन्सर्टमागे ०.१२ धरला तर फीड साधारण १५२० येतो. कटरच्या बॉडीवर जास्तीत जास्त आरपीएम छापलेला असतो, तो ओलांडायचा नाही, ॲल्युमिनियमचा स्पीड मोठा असल्यामुळे ही चूक इथेच होते, आणि त्या वेगाने सुटलेला इन्सर्ट मशीनच्या काचेपर्यंत जातो.

कट किती घ्यायचा

पूर्ण रुंदीच्या स्लॉटला डेप्थ टूलच्या डायाच्या निम्मी धरा, १० मिमीला ५ मिमी. टूल, होल्डर, मशीन सगळं घट्ट असेल तर डायाएवढी पण जाते. १० रुंद, ५ खोल, १४४० फीड, म्हणजे मिनिटाला ७२ घन सेंटिमीटर माल निघतोय, आणि त्याला कापायची ताकद एक किलोवॉटच्याही आत लागते. मशीन आरामात करतं. स्टीलला याच्या साधारण अडीच-तीनपट लागेल.

पॉकेटमध्ये साइडने काढायचं असेल तर रुंदी डायाच्या ४० टक्के आणि डेप्थ डायाएवढी. कॅम सॉफ्टवेअरमध्ये ॲडॅप्टिव्ह किंवा ट्रोकॉइडल टूलपाथ (टूल थोडी-थोडी रुंदी घेत फिरतं तो) असेल तर रुंदी १० टक्के आणि डेप्थ डायाच्या दुप्पट, टूलची पूर्ण धार वापरली जाते आणि टूल थंड राहतं. यात एक बारीक गोष्ट आहे जी कुणी सांगत नाही. रुंदी डायाच्या निम्म्याहून कमी झाली की चिप आपण दिलेल्या फीडपेक्षा पातळ निघते. १० मिमीच्या टूलला १ मिमी रुंदी दिली तर ०.०६ फीडला खरी चिप ०.०३६ चीच होते. मग परत तेच घासणं. ती ०.०६ ची हवी असेल तर पात्याचा फीड ०.१ करावा लागतो, म्हणजे २४०० मिमी प्रति मिनिट. प्रोग्रॅममध्ये हा आकडा दिसला तर चूक समजून कमी करू नका.

पॉकेटच्या कोपऱ्याचं माप बघा. कोपरा आर ५ आणि टूलही १० मिमीचं असेल तर टूल कोपऱ्यात एकदम गच्च बसतं आणि किंचाळतं, भिंतीवर लाटा उमटतात. तिथे ८ मिमीचं टूल लावून कोपरा फिरवून घ्या. पॉकेटमध्ये सरळ खाली घुसू नका, दोन-तीन डिग्रीच्या रॅम्पने किंवा हेलिक्सने उतरा.

कापायची दिशा क्लाइंब, म्हणजे सीएनसीवर बाहेरच्या प्रोफाइलला घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, जी ४१ (टूल रेषेच्या डावीकडे ठेवायचा कोड) लावून. पातं जाड बाजूने घुसतं आणि पातळ बाजूने बाहेर पडतं म्हणून घासत नाही. मात्र हाताने चालवायच्या जुन्या मिलिंग मशीनवर, जिथे स्क्रूमध्ये बॅकलॅश (सैलपणा) आहे, तिथे क्लाइंब करू नका, टेबल ओढलं जाऊन टूल मोडेल आणि हातही सापडू शकतो.

फिनिशिंगसाठी ०.२ मिमी ठेवा. नवीन माणूस सांभाळून म्हणून ०.०२ ठेवतो, आणि तेवढ्यात पात्याला धरायला मालच नसतो, भिंत चकचकीत व्हायच्या ऐवजी माखल्यासारखी दिसते.

कूलंट

पाण्यात मिसळायचं कटिंग ऑइल ६ ते ८ टक्के. रिफ्रॅक्टोमीटर (कूलंटमध्ये तेल किती ते दाखवणारं उपकरण) असेल तर त्यावरचा आकडा त्या ऑइलच्या फॅक्टरने गुणायचा, नाहीतर ५ दिसतंय म्हणून ५ समजाल. मिसळताना आधी पाणी, मग त्यात तेल हलवत ओतायचं, उलट केलं तर दह्यासारखं फुटतं. पीएच ९ च्या बराच वर गेला की ॲल्युमिनियमवर काळे डाग पडतात, रात्रभर ओले ठेवलेले जॉब सकाळी डागाळलेले दिसले तर आधी कूलंट तपासा.

कूलंटचं इथलं पहिलं काम चिप ढकलून बाहेर काढणं हे आहे. खोल पॉकेटमध्ये चिप तळाशी साचल्या आणि टूल त्याच परत कापायला लागलं तर कितीही चांगलं टूल असो, मोडणार. दोन नोझल दोन बाजूंनी लावा, एक टूलच्या टोकाशी, एक पॉकेटमध्ये. कूलंट वापरता येत नसेल तर जोरदार हवा तरी सोडा.

काही ठिकाणी अजून रॉकेल किंवा डिझेल ब्रशने लावतात. फिनिश येतो हे खरं आहे, पण व्हीएमसीच्या बंद केबिनमध्ये आठ हजार आरपीएमवर त्याची वाफ होते, एक ठिणगी पुरते. हाताने आटे पाडताना दोन थेंब वेगळे, मशीनमध्ये नको.

जॉब पकडणं

ॲल्युमिनियम व्हाइसमध्ये दाबलं जातं, खुणा पडतात आणि पातळ भिंत आत वाकते. वाकलेल्या स्थितीत तुम्ही सरळ कापता आणि सोडल्यावर ती परत बाहेर येते, मग मधे माप जास्त येतं. सॉफ्ट जॉ (मऊ धातूचे जबडे) लावा, रफिंग घट्ट पकडून करा, मग व्हाइस सोडून जॉबला मोकळं होऊ द्या, आणि फिनिशिंगला हलकं पकडा. पॅरलल आणि जॉ पुसताना एक चिप राहिली तरी जॉब तिरका बसतो, आणि चिप मऊ असल्यामुळे ती दाबली जाऊन प्लेटमध्ये ठसाही उमटवते.

ड्रिल, आटे, रीमर

साधं ११८ डिग्रीचं एचएसएस ड्रिल चालतं, पण काम रोजचं असेल तर जास्त पिळाचं, रुंद फ्लूटचं ड्रिल घ्या. ७० मीटर धरून ६.८ च्या ड्रिलला साधारण ३२०० आरपीएम आणि फेरीमागे ०.१५, म्हणजे ४८० फीड. भोक डायाच्या तीनपटीहून खोल असेल तर जी ८३ ने पेक मारा, दर वेळी डायाएवढं आत आणि मग पूर्ण बाहेर. जी ७३ मध्ये ड्रिल थोडंसंच मागे येतं, चिप तुटते पण बाहेर येत नाही, खोल भोकात ते पुरत नाही.

आटे पाडायला एम ६ ला ५ चं ड्रिल, एम ८ ला ६.८, एम १० ला ८.५. रॉट मालाला मी फॉर्म टॅप सुचवेन, तो कापत नाही, माल दाबून आटे उठवतो, चिप होतच नाही म्हणून बंद भोकात अडकायचा प्रश्नच संपतो आणि आटेही मजबूत होतात. पण त्याला भोक मोठं लागतं, एम ६ ला ५.५५ च्या आसपास, एम ८ ला ७.४. कटिंग टॅपच्या भोकात फॉर्म टॅप घातला तर तो तिथेच मोडून बसेल, आणि तयार होत आलेल्या जॉबमधून मोडका टॅप काढणं म्हणजे अर्धा दिवस जातो. ठिसूळ कास्टिंगला कटिंग टॅपच ठेवा. रिजिड टॅपिंगला फीड म्हणजे आरपीएम गुणिले पिच, एम ६ चा पिच १, तर एस ५०० ला एफ ५००, आणि इथे अंदाजाने काही बदलायचं नाही.

१० एच ७ चं भोक, म्हणजे १०.००० ते १०.०१५. ९.८ चं ड्रिल, मग रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं टूल) ६०० आरपीएमच्या आसपास, भरपूर कूलंटमध्ये. भोक मोठं येत असेल तर रीमरला दोष द्यायच्या आधी त्याच्या धारेवर नख फिरवून बघा, बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचा बारीक थर चिकटलेला असतो.

लेथवर

सीसीजीटी किंवा डीसीजीटी, पॉलिश, स्पीड ३०० ते ६००, आणि फीड फिनिशनुसार. फिनिशचा अंदाज काढायचा तर फेरीमागचा फीड त्याच फीडने गुणायचा आणि टूलच्या टोकाच्या रेडियसच्या आठपटीने भागायचं. ०.१ फीड आणि ०.४ रेडियसला खाचेची उंची ३ मायक्रॉनच्या आसपास, फीड ०.२ केला की सरळ १२ च्या वर. लांब चिपचा गुंता चकवर गुंडाळला जातो, तो हाताने ओढायचा नाही, मशीन थांबवून हुकने काढायचा. फीड थोडा वाढवला तर बऱ्याचदा चिप तुटायला लागते.

पहिला पीस

प्रोग्रॅम आधी झेड ५० मिमी वर उचलून हवेत चालवा. मग सिंगल ब्लॉकवर (प्रोग्रॅम एकेक ओळ थांबत चालवून) टूल जॉबजवळ आणा, "डिस्टन्स टू गो" आणि डोळ्याला दिसणारं अंतर जुळतंय का बघा, आणि एकदा कट सुरू झाला की फीड १०० टक्क्यांवर न्या. कान द्या. बरोबर कट असेल तर एकसारखी सरसर ऐकू येते. किंचाळत असेल तर आरपीएम दहा-पंधरा टक्क्यांनी कमी करा किंवा टूल आखूड करा. आवाज जड होत चालला असेल तर चिप साचतायत, लगेच थांबवा. चिप हातात घेऊन बघा (मशीन थांबल्यावरच), आखूड, चमकणारी, स्वल्पविरामासारखी वळलेली असेल तर छान, पावडर किंवा सुईसारखी बारीक असेल तर फीड कमी आहे, एकमेकांना चिकटलेले गोळे असतील तर कूलंट पोचत नाहीये.

मोजायची घाई करू नका. ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं. १५० मिमी लांबीचा जॉब खोलीच्या तापमानापेक्षा १५ डिग्री गरम असेल तर तो ५० मायक्रॉन लांब दिसतो. गरम मोजून बरोबर म्हणून पाठवला तर दुसऱ्या दिवशी क्वालिटीच्या टेबलवर तो अंडरसाइज निघेल, आणि तुम्ही ऑफसेट चुकीच्या दिशेला बदलून बसला असाल. कूलंटच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं धरा, पुसा, मग मायक्रोमीटर लावा.

टूल बुजलं तर, आणि जपायच्या गोष्टी

ॲल्युमिनियम चिकटलेलं टूल फेकू नका, ब्लेडने खरवडू पण नका, धारेचा टवका उडतो. पितळेच्या काडीने निघालं तर ठीक, नाहीतर कॉस्टिक सोड्याच्या पातळ पाण्यात थोडा वेळ ठेवलं की ॲल्युमिनियम विरघळतं आणि कार्बाइड तसंच राहतं. हे बिनकोटिंगच्या सॉलिड कार्बाइडलाच करा. त्यातून हायड्रोजन वायू निघतो म्हणून उघड्यावर, आगीपासून लांब, चष्मा आणि रबरी हातमोजे घालून, प्लॅस्टिकच्या भांड्यात, आणि सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही. टूल मग भरपूर पाण्याने धुवा.

स्पिंडल फिरत असताना मात्र कुठलेच हातमोजे नकोत. ॲल्युमिनियमचा जॉब बेंच ग्राइंडरच्या दगडावर कधीच लावू नका, दगडाची छिद्रं भरतात, तो गरम होतो आणि फुटू शकतो, बर काढायला कानस आणि डीबरिंग ब्लेड आहे. ॲल्युमिनियमची बारीक पावडर पेट घेते, म्हणून स्क्रॅपचा पिंप ग्राइंडरच्या ठिणग्यांपासून लांब ठेवा, आणि पेटलीच तर पाणी मारायचं नाही, आग भडकते, कोरडी वाळू हळूच टाकायची. स्टीलच्या आणि ॲल्युमिनियमच्या चिपचे पिंप वेगळे ठेवा, मिसळलेल्या मालाला भंगारवाला कमी भाव देतो, आणि स्टीलचा एखादा कण सॉफ्ट जॉवर राहिला तर पुढच्या प्रत्येक जॉबवर त्याचा ओरखडा येत राहतो.